हेडमास्तरविरुद्ध कपाट

माझ्या धाकट्या भावाला सगळे कपाट म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं यावर आमच्या घरात अजून भांडण आहे. मामा म्हणतो त्याने ठेवलं, आई म्हणते शेजारणीने. माझ्या मते कुणी ठेवायची गरजच नव्हती. दारातून आत येताना तो आधी डावा खांदा आणतो, मग मान, मग उरलेला येतो. वय बावीस, उंची सव्वासहा फूट, वजन एकशे आठ किलो. त्याच्या मापाच्या चड्ड्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून रिंगमधली चड्डीसुद्धा आई घरी शिवते, आणि कापड किती लागलं हे दर वेळी त्याला ऐकवते.

एवढा मोठा माणूस म्हणजे डोक्याने मंद असणार, असं लोक धरून चालतात. तो मंद नाही. तो कमी बोलतो, कारण घरात मी आहे.

आमचा धंदा घरसामान हलवण्याचा. एक टेम्पो, सहा पट्टे, जुन्या ब्लँकेटांचा ढीग आणि एक ट्रॉली, जिचं मागचं चाक मनात आलं तरच फिरतं. टेम्पो मी चालवते. जिन्यात सामानाची वरची बाजू मी धरते आणि खालची, म्हणजे जड बाजू, कपाट धरतो. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर आम्हाला त्यानेच वाढवलं आणि धंदाही त्याचाच. त्याचा गुडघा गेल्यापासून तो उचलत नाही. जिन्याच्या वळणावर उभा राहून कोन सांगतो. “डावीकडे. अजून. आता नाक वर!” नाक फ्रिजचं.

या कामात एक नियम आहे आणि तो मामाने आम्हाला मारून मुटकून शिकवला. सामान निसटलं तर ‘अरे अरे’ करायचं नाही. ‘अरे’ ऐकलं की खालचा माणूस वर बघतो, आणि वर बघण्यात जो क्षण जातो त्यात त्याचा पाय मोडतो. ज्याच्या हाताला वजन लागलं त्याने म्हणायचं, “धरलंय!” दुसऱ्याने म्हणायचं, “सावकाश!” बस. बाकी सगळं नंतर. हे इतकं अंगात मुरलंय की घरात आईच्या हातून पातेलं सुटलं आणि कपाटाने ते झेललं, तर तो “धरलंय” म्हणतो आणि मी बाथरूममधून “सावकाश” म्हणते. काय पडलं ते मला माहीतही नसतं.

तरुणपणी मामा बॉक्सिंग करायचा. किती चांगलं करायचा हे त्याला विचारू नये, अख्खी संध्याकाळ जाते. गोदामाच्या मागच्या भागात त्याने एक बॅग टांगली, जमिनीवर खडूने चौकोन आखला आणि आम्हा दोघांना शिकवायला लागला. मी वर्षभरात सोडलं, कारण ज्यांना मारावंसं वाटायचं ते लोक त्या चौकोनात कधी यायचे नाहीत. कपाट टिकला. दिवसभर लोकांचे पलंग वाहायचे आणि संध्याकाळी बॅगेवर ठोसे मारायचे, असं सहा वर्षं चाललं. मग तो व्यावसायिक झाला आणि पहिल्या अकरा लढती त्याने अकराच्या अकरा जिंकल्या. एकही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेली नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. ‘हेवीवेटमधील नवी आशा’ असं त्याखाली छापलं होतं. आईने तो फोटो कापून ठेवला आणि म्हणाली, “आशेने भांडी कधी घासायची?”

आशा आली की अत्तरवाला येतोच. लढती भरवणारा आयोजक हा आमचा अत्तरवाला. त्याचं खरं नाव करारावर आहे, पण तो येण्याआधी पाच मिनिटं वास येतो आणि गेल्यावर दोन दिवस राहतो. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. वर्षापूर्वी कपाटाने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात एक कलम होतं, जे आम्ही वाचलं आणि हसण्यावारी नेलं: बॉक्सरच्या कोपऱ्यात कोच कोण असेल हे आयोजक ठरवेल.

एका दुपारी तो गोदामात आला आणि ब्लँकेटात गुंडाळलेल्या एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसला.

“पोरगा गुणी आहे, मामा,” तो म्हणाला. “पण आता त्याला खरा कोच पाहिजे. तो माझ्याकडे आहे. तुम्ही हमाल एक नंबर घडवलात. बॉक्सर आता आम्ही घडवू.”

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो मी मुद्दाम लांब ठेवला. हमाल या शब्दाचं मला काही वाटत नाही, आम्ही हमालच आहोत. ज्या तोंडाने तो म्हटला गेला त्याचं वाटतं. ज्या माणसाने खडूच्या चौकोनातून अकरा विजय उभे केले, त्याला हा माणूस दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून घरी पाठवत होता.

कपाट पलंगाचे बोल्ट काढत होता. त्याने वरही न बघता म्हटलं, “हेडमास्तरला आणा.”

अत्तरवाल्याचं हसू जागच्या जागी राहिलं.

हेडमास्तर कोण ते सांगते. वय एकोणचाळीस. दिवसा शाळेची बस चालवतो आणि महिन्या-दोन महिन्यांत एकदा कुठे ना कुठे लढतो. एकाहत्तर लढती झाल्यात, त्यातल्या निम्म्याहून जास्त हरलाय, पण एकदाही त्याला कुणी आडवा करू शकलेलं नाही. नाव झालेल्या प्रत्येक नव्या पोराला तो भेटतो आणि धडा देतो, म्हणून हे नाव. धडा एकच. तो बिलगतो. कपाळ तुमच्या खांद्यावर, हात तुमच्या मानेवर, आणि स्वतःचे एकशे दहा किलो तुमच्या अंगावर टाकून देतो. तरुण पोरं त्याला ढकलत बसतात. चौथ्या फेरीपर्यंत त्यांचे दंड भरून येतात, मग हात वर होत नाहीत, मग तो आरामात गुण गोळा करतो. शहाणा आयोजक आपला पोरगा त्याच्यासमोर लवकर उभा करत नाही.

“आठ फेऱ्या,” कपाट म्हणाला. “जिंकलो तर करार संपेपर्यंत मामाच माझ्या कोपऱ्यात. हरलो तर मी एकटा येतो तुमच्याकडे. हूं की चूं करणार नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

अत्तरवाला गेल्यावर मामाचा पारा चढला. “मला विचारलंस?”

“नाही.”

“का नाही?”

“तू नको म्हणाला असतास.”

“म्हणालोच असतो! माझ्यासाठी कशाला पणाला लावतोस स्वतःला? अरे, बरा असेल त्याचा कोच.”

“असेल,” कपाट म्हणाला आणि पुढचा बोल्ट काढायला लागला. तो एकदा असा गप्प झाला की त्याच्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं सारखंच.

मामा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने कपाटाला बॅगेसमोर उभं केलं, मागून त्याच्या मानेला मिठी मारली आणि पाय उचलून लोंबकळला. “मार आता,” म्हणाला. कपाट मारायला लागला. पण मामा पडला साठ किलोचा. “तू पण ये गं,” मला म्हणाला. म्हणजे मी पुढून, मामा मागून, असे आम्ही दोघं मिळून कसाबसा एक हेडमास्तर झालो. दोन महिने रोज संध्याकाळी मी माझ्या भावाच्या गळ्यात लोंबकळले. तिसाव्या वर्षी. शेजारच्या गोदामातली माणसं खुर्च्या घेऊन बघायला यायची.

लढत एका क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये होती. जमिनीवर व्हॉलीबॉलच्या रेषा, घडीच्या लोखंडी खुर्च्या, आणि मध्ये उभारलेली रिंग. आमच्या कोपऱ्यात मामा आणि मी. माझं काम बादली, पाणी आणि बर्फ. समोरच्या कोपऱ्यात हेडमास्तर आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. नाक सपाट, भुवया जागोजागी शिवलेल्या, पोट थोडं सुटलेलं, चेहरा अगदी निवांत.

पहिल्या दोन फेऱ्या कपाटाने पार मातीत घातल्या. एवढे सगळे लोक बघतायत म्हटल्यावर त्याला चांगलं दिसायचं होतं. हेडमास्तर बिलगला की तो त्याला झिडकारून लांब ढकलायचा, तो पुन्हा यायचा, हा पुन्हा ढकलायचा. दुसऱ्या फेरीनंतर तो स्टुलावर बसला तेव्हा भात्यासारखा धापा टाकत होता.

मामाने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. “फ्रिजला कधी ढकलून जिना चढवलास का रे?”

“नाही.”

“मग याला का ढकलतोस? अंगावर येतोय ना, येऊ दे. खाली जा. पायावर घे. हात मोकळे ठेव.”

तिसऱ्या फेरीत हेडमास्तर बिलगला आणि कपाट गुडघ्यात वाकला. रोज वाकतो तसा. खांदा त्याच्या छातीखाली घातला, वजन मांड्यांवर घेतलं आणि शांतपणे त्याच्या बरगड्यांवर ठोसे मारायला लागला. हेडमास्तरने डोकं उचलून त्याच्याकडे पाहिलं. एकाहत्तर लढतींत बहुतेक पहिल्यांदाच त्याच्या वजनाला कुणी जागा करून दिली होती. चौथी फेरी तशीच. पाचवी तशीच. सहाव्या फेरीत हेडमास्तर स्वतः मागे सरला आणि मला बादलीजवळ उभं राहून नाचावंसं वाटलं. अत्तरवाला पहिल्या रांगेत मोबाइलमध्ये बघत होता, म्हणजे न बघितल्यासारखं करत होता. मी त्याच्याकडे अगदी टक लावून बघितलं. माझा स्वभावच तसा आहे.

सातवी फेरी संपायला अर्धं मिनिट होतं. हेडमास्तर पुन्हा बिलगायला आला, कपाटाने अर्धं पाऊल बाजूला घेतलं आणि डाव्या हाताचा ठोसा त्याच्या उजव्या बरगडीखाली बसवला. हॉलमध्ये सगळ्यांना आवाज आला. हेडमास्तरचं तोंड उघडलं, डोळे कुठेतरी लांब गेले आणि गुडघे दुमडले. एकाहत्तर लढतींत जो कुणासमोर आडवा झाला नव्हता तो पडत होता. मामाने माझा दंड घट्ट धरला. झालं, मामा राहिला, असं माझ्या मनात आलं.

आणि माझ्या भावाने दोन्ही हात त्याच्या काखेत घातले आणि त्याला झेललं.

“धरलंय!” तो ओरडला. तोंडात गार्ड होतं, तरी मला स्पष्ट कळलं.

आणि मी, हातात बादली घेऊन, सबंध हॉलसमोर, जिवाच्या आकांताने ओरडले, “सावकाश!”

एक सेकंद कुणालाच काही कळेना. मग लोक हसायला लागले. रेफरी धावत आला, दोघांना सोडवायला लागला, पण सोडवणार काय, एक झोपलेला आणि दुसरा त्याला उभं धरून पांढराफटक पडलेला. काय केलं ते त्याच्या लक्षात आलं होतं. हेडमास्तर जमिनीला लागलाच नव्हता, त्यामुळे आकडे मोजायचा प्रश्नच नव्हता. रेफरीने दोघांना वेगळं करेपर्यंत त्याचे पाय जमिनीवर नीट टेकले होते. घंटा झाली.

आठव्या फेरीत हेडमास्तरने उपकाराची जराही जाण ठेवली नाही. तो एका मिनिटाच्या विश्रांतीत ताजातवाना होऊन आला. कपाट मात्र गोंधळलेला, स्वतःच्या हातांवरच चिडलेला. त्याचं लक्ष नव्हतं आणि म्हाताऱ्याने ते वास घेतल्यासारखं ओळखलं. टक, टक, टक, डाव्या हाताने साधे सरळ ठोसे, तीन मिनिटं. एका पंचाने लढत कपाटाला दिली, दुसऱ्याने हेडमास्तरला, आणि तिसऱ्याने एका गुणाने हेडमास्तरला. बिलगलेलं असताना बरगड्यांवर मारलेले ठोसे त्या दोघांनी फारसे धरलेच नव्हते.

कपडे बदलायच्या खोलीत मी कपाटावर तुटून पडले. “पडू द्यायचं होतंस ना त्याला! हात मागे घेता येत नाहीत तुला?”

“तू सावकाश कशाला म्हणालीस?”

मला रडू फुटलं, आणि मी रडले की आमच्या घरात सगळे घाबरतात. मामा बाकावर बसून कपाटाच्या हातावरच्या पट्ट्या कात्रीने कापत होता. “दोघांनी अगदी बरोबर केलं,” तो म्हणाला. “जागा चुकली तेवढी.”

दार न वाजवता हेडमास्तर आत आला. बरगडीवर बर्फाची पिशवी धरलेली.

“पडलो असतो तर उठलो नसतो,” तो कपाटाला म्हणाला. “आभार बिभार मानणार नाही. जिंकलो ते जिंकलो. पण हे कुणी शिकवलं तुला?”

कपाटाने मामाकडे मान हलवली.

“बरगडीखालचं विचारतोय,” हेडमास्तर म्हणाला. “ते अंगावर घेऊन मारणं.”

“तेही त्यानेच.”

हेडमास्तरने मामाशी हात मिळवला. “सकाळी सव्वासहाला बस काढायचीय,” म्हणाला आणि वाकडा होत निघून गेला.

मग अत्तर आलं. त्याच्या मागोमाग अत्तरवाला. तो जोरात बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी मऊ बोलला. “वाईट वाटलं रे. पण आता पटलं ना? ही हमालीची सवय आहे. ती आमचा कोच पहिल्या महिन्यात काढून टाकेल. सोमवारपासून यायचं. एकटं.”

“हरला कसा तो!” मी म्हणाले. “तुमच्या डोळ्यांसमोर त्याने—”

“ताई, गप्प बस,” कपाट म्हणाला. एवढ्या वर्षांत तो मला गप्प बस म्हणाला ही एकच वेळ. मग तो उभा राहिला, छताला डोकं लागेल असा. “शब्द दिला होता. सोमवारी येतो. पण मामाने शिकवलेलं काहीही काढून टाकायचं नाही. करारात कोच कोण ते लिहिलंय. मी काय विसरायचं ते नाही लिहिलेलं.”

सोमवारी तो गेला. आईने डब्यात मामाच्या वाटणीच्या पोळ्याही भरून दिल्या, यावरून तिला किती लागलं ते ओळखा. मामाने त्या दिवशी गोदाम झाडलं, मागचा भागसुद्धा, पण चौकोन पुसला नाही. कामावर मी एक नवा माणूस ठेवला. चांगला आहे, पण काही निसटलं की ‘अरे अरे अरे’ करतो. मी त्याला रोज शिव्या देते. त्यात त्याचा दोष थोडा आणि अत्तरवाल्याचा जास्त.

दोन महिन्यांनी कपाटाची नव्या कोपऱ्यातली पहिली लढत होती. मामा येणार नाही म्हणाला. “कुणाच्या तोंडाकडे बघायचं तिथे?” मी टेम्पो दारात लावला आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी शेजारपाजारचे बाहेर आले तेव्हा तो येऊन बसला. तिकिटं आम्ही सगळ्यांसारखी खिडकीवर काढली. तिसरी रांग.

पहिली फेरी संपल्याची घंटा झाली. नव्या कोचने स्टूल ठेवलं, टॉवेल झटकला. आणि माझ्याशेजारी मामा उठून उभा राहिला. त्याने ठरवून केलं नाही, मला शपथ घालून विचारा. त्या घंटेला तो इतकी वर्षं उभा राहत आलाय, त्याच्या पायांना कुणी कळवलंच नव्हतं की आता आपलं काम नाही. तो काही बोलला नाही, हातवारे केले नाहीत. प्रेक्षकांतून सूचना देता येत नाहीत, हा नियम त्याला माहीत आहे. तो नुसता उभा राहिला.

कपाट कोपऱ्यात आला. त्याने आमच्याकडे पाहिलं. कोच स्टुलाकडे बोट दाखवत होता, बस, बस म्हणत होता. कपाटाने पाणी घेतलं, कोच काय सांगतो ते नीट ऐकलं, मान डोलावली. पण बसला नाही. पूर्ण मिनिट तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. अत्तरवाला कोपऱ्यापाशी जाऊन काहीतरी कुजबुजला तेव्हा कपाट एवढंच म्हणाला, आणि ते मी त्याच्या ओठांवरून वाचलं: “बसायलाच पाहिजे असं लिहिलंय का कुठे?”

त्यानंतर तीन लढती झाल्या. तिन्ही तो जिंकला, एक तर आठही फेऱ्या लढून. दर घंटेला मामा उभा राहतो आणि दर घंटेला कपाट उभा राहतो. आमची जागा कधी तिसऱ्या रांगेत असते, कधी दहाव्या. परवा अत्तरवाल्याच्या माणसाने आम्हाला खांबामागची तिकिटं दिली, तर मामा खांबाच्या बाजूला येऊन उभा राहिला. मागचे लोक ओरडतात. “ओ काका, खाली बसा की! दिसत नाही!” मामा ओशाळतो, खाली बसायला बघतो. मी त्याचा दंड धरून त्याला वर ठेवते आणि मागे वळते.

“एकच मिनिट आहे,” मी सांगते. “दिसत नसेल तर तुम्हीही उभे राहा.”